सलाईन सात दिवस, की दहा मिनिटं?

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात एका खाटेवर सायटाराबिनचा पंप सात दिवस रात्रंदिवस चालू असतो, शेजारच्या खाटेवर व्हिनक्रिस्टिन पाच-दहा मिनिटांत संपतं आणि पुढची पाळी थेट आठवड्याने. पहिलं औषध ‘कडक’ आणि दुसरं ‘साधं’ अशी नातेवाइकांची समजूत होते. तसं काही नाही.

सायटाराबिन ही डीएनएची खोटी वीट. पेशी डीएनएची नक्कल करत असते त्या एस टप्प्यातच ती बसते आणि पुढचं बांधकाम अडतं. त्या वेळी जी पेशी अजून जी-वनमध्ये, म्हणजे नक्कल सुरू होण्याआधीच्या टप्प्यात, आहे किंवा विभाजन थांबवून पडून आहे, ती सहीसलामत राहते. शिवाय शरीरातलं एन्झाइम हे औषध काही तासांतच निकामी करतं. म्हणून एएमएलमध्ये (रक्ताच्या कर्करोगाचा एक झपाट्याने वाढणारा प्रकार) शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, सलग ७ दिवस. जी पेशी जेव्हा एस टप्प्यात शिरेल तेव्हा औषध हजर हवं. सोबत ३ दिवस डॉनोरुबिसिन हे दुसरं केमोचं औषध. पंप दोन-चार तास बंद राहिला, तर मागे राहिलेलं औषध भराभर सोडून ती भरपाई होत नाही. अलार्म वाजला की सिस्टरना बोलवा, बटणं दाबत बसू नका.

व्हिनक्रिस्टिन आपल्या कुंपणावरच्या सदाफुलीतून मिळतं. ते पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणारे धागे तयार होत नाहीत आणि पेशी एम टप्प्यात, म्हणजे एकीच्या दोन होतानाच, अडकून मरते. एम टप्पा जेमतेम तासाभराचा. मग हेच औषध जास्त वेळ द्यायला नको का? नको, कारण ते ऊतींमध्ये धरून राहतं आणि शरीरातून निघायला काही दिवस घेतं. डोस चौरस मीटरमागे साधारण १.४ मिलिग्रॅम, बहुतेक ठिकाणी एका वेळी कमाल २.

गंमत म्हणजे याचा मोठा त्रास विभाजन न होणाऱ्या पेशींना होतो. मज्जातंतूंमधली मालवाहतूकही ट्युब्युलिनच्याच नळ्यांवरून चालते. सर्वांत लांब तंतू आधी कुरकुरतात: पायाची बोटं बधिर, मग चप्पल निसटते. आतड्याच्या नसा मंदावल्या की बद्धकोष्ठ, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल चालू असेल तर आधी सांगायलाच हवं. ही बुरशीची औषधं यकृतात व्हिनक्रिस्टिनचा निचरा अडवतात. आणि व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतूनच. पाठीच्या कण्यात गेलं तर जवळजवळ नक्की मृत्यू. त्याच दिवशी कण्यात मेथोट्रेक्सेट हे दुसरं केमोचं औषध द्यायचं असतं आणि दोन सिरिंजांची अदलाबदल होते, म्हणून व्हिनक्रिस्टिन सिरिंजऐवजी ५० मिलिलिटरच्या छोट्या पिशवीतून देणंच शहाणपणाचं.

सायक्लोफॉस्फामाइड या आणखी एका केमोच्या औषधाला टप्प्याचं एवढं सोयरसुतक नाही. ते कधीही डीएनए बिघडवतं, पेशी पुढे विभाजनाला गेली की मरते. तिथे घड्याळापेक्षा एकूण डोस महत्त्वाचा.

केमोची पुढची फेरी अनेकदा २१ दिवसांनी असते, ते चक्र मात्र बरंचसं रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेसाठी. बऱ्याच औषधांनंतर पांढऱ्या पेशी ७ ते १४ दिवसांत तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात सावरतात. त्या तळाच्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजलेले असले तरी रुग्णालय गाठा.