लाकडी बोटीचा सौदा

माझा भाव ऐकून बोटीचा मालक एवढंच म्हणाला, "लिहून पाठवा." ना "परवडत नाही", ना "शेवटचा बोला". शाळेच्या सुट्ट्या मामाच्या नाशिकच्या भांडी बाजारातल्या दुकानात काढलेल्या माणसाला हे पचत नाही. समोरचा बोलला तर कळतं ना, तो कुठवर उतरेल! त्या गप्प बसण्याचा मला खरंच राग आला.

बोट क्रिस-क्राफ्ट, १७ फुटी, १९५०च्या दशकातली. फळ्या महोगनीच्या, आतल्या बरगड्या ओकच्या. कंपनीचं मूळ गाव आल्गोनॅक, इथेच मिशिगनमध्ये, सेंट क्लेअर नदीच्या काठी. मागितले होते १६,००० डॉलर. मामाचा फोनवरून सल्ला: "निम्म्यापासून सुरू कर, आणि बोट आवडल्याचं तोंडावर दिसू देऊ नको." मी १२,००० लिहिले. सोबत इसार, आणि अट अशी की सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाली तरच सौदा पक्का. उत्तर आलं १४,५००. कारण एका ओळीचंही नाही.

पण सर्व्हेच्या सकाळी जे पाहिलं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो.

अशा बोटींचा मूळ तळ फळ्यांच्या दोन थरांचा असतो, मध्ये कॅनव्हास. तिथे ओल धरली की लाकूड आतून कुजतं आणि वरून व्हार्निश मात्र चकचकीत. नवा तळ घालायचा तर कधी कधी बोटीच्या किमतीएवढा खर्च येतो. सर्व्हेअर ट्रेलरखाली उताणा झोपला आणि एकेक फळी हातोडीने ठोकत गेला. ठणठणीत, ठणठणीत, मग एका जागी बद्द. तिथे त्याने टोच्या लावला, तो अलगद आत गेला. बोटीच्या मागच्या टोकाजवळची बरगडी भुसभुशीत झाली होती. आवाज बदलला तेव्हाच मी वाकलो होतो. अशोकस्तंभाजवळच्या आमच्या वाड्यात पावसाळ्यानंतर अण्णा तुळयांची टोकं अशीच ठोकून बघायचे. सर्व्हेअरने विचारलं, लाकडाच्या धंद्यात आहात का? म्हटलं, नाही, वाड्यात वाढलोय.

आणि तेवढ्यात मालक म्हणाला, "डावीकडचीही बघा, तीही गेली असावी." सर्व्हेअर अजून तिथे पोचलाही नव्हता! स्वतःच्या मालातला दोष विकणारा स्वतः दाखवतोय, तोही भाव ठरायच्या आधी. मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून बोटीच्या कारखान्यातल्या नोंदीच्या कार्डाची प्रत काढली. क्रिस-क्राफ्टची जुनी कागदपत्रं व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये जपलेली आहेत. हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा क्रमांक, दिला की बोट कोणत्या इंजिनासह कारखान्यातून निघाली, ते कळतं. इंजिन बदललेलं होतं. तेही त्यानेच सांगितलं.

आपल्याकडे असं होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मामाने गळका हंडा कधी कोणाला विकला नाही. फक्त आपल्याकडे ते चहा घेत, मुलाबाळांची चौकशी करत चालतं. इथे मोजकं बोलून सगळं कागदावर. मला अजूनही चहाची पद्धत जास्त आवडते.

दुरुस्तीचा अंदाज दोघांनी वाटून घेतला आणि ११,८०० वर सौदा ठरला. पाण्यातली चाचणी कोरड्या फळ्या पाण्यात फुगून गळती थांबल्यावर झाली. इंजिन बोटीतच कायमचं बसवलेलं असल्याने लांबी २० फुटांच्या आत असूनही मिशिगनमध्ये टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, लागतं. ते नावावर झालं.

आई म्हणते, एवढ्यात चांगली गाडी आली असती. आली असती. पण गंगापूर धरणावर दुसऱ्यांच्या बोटी बघत मोठा झालो आणि आता घराजवळ एवढं पाणी आहे, तर माझ्या मुलांनी काठावर का उभं राहायचं? मामाचं म्हणणं, अजून पाचशे सुटले असते. सुटले असतेही. ज्याने डावीकडची बरगडी दाखवली, त्याच्याकडे मला ते मागायचे नव्हते.