आमची वाटचाल : जुना काँप्युटर भंगारात घालायच्या आधी आमच्याकडे आणा

पुण्यात काँप्युटर रिपेअरची दुकानं काय कमी नाहीत, तापकीर गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूला तेच आहे. पण विंडोज ९८ च्या मशीनचं साउंड कार्ड बोलत नाही, विंडोज एक्सपी टाकली पण डिव्हाइस मॅनेजरमधलं (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) लॅनचं, म्हणजे नेटवर्कचं, पिवळं उद्गारचिन्ह जात नाही, अशी कामं हातात घेणारे आता फार थोडे राहिलेत आणि त्यात आम्ही आहोत हे मी छाती ठोकून सांगतो.

सुरुवात २००२ ची. मी आणि माझा पार्टनर दोघंही तापकीर गल्लीतच एका दुकानात असेंब्लीवर होतो, तिथून बाहेर पडून सहकारनगरच्या बाजूला एक छोटा गाळा भाड्याने घेतला. तो हार्डवेअरचा माणूस, सोल्डरिंगचा हात असा की फुगलेले कपॅसिटर बदलून मेलेला बोर्ड उठवायचा (त्या काळातल्या बोर्डांना हा रोगच होता, जाणकारांना सांगायला नको). मी इन्स्टॉलेशन आणि ड्रायव्हर (विंडोजला प्रत्येक कार्ड, चिप, प्रिंटर चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) बघायचो. पार्टनरने पहिल्या महिन्यातच एक नियम घातला, की मदरबोर्डबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी कस्टमरला द्यायच्या आधी तिची कॉपी मारायची आणि त्यावर मार्करने बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन (त्या मॉडेलची कितवी आवृत्ती ते) दोन्ही लिहायचं. रिव्हिजन लोक लिहीत नाहीत. एकाच मॉडेलच्या रिव्हिजन १ वर एक लॅन चिप असते आणि २ वर दुसरी, मग बसा शोधत. त्या सीड्यांनी आमचं एक गोदरेजचं कपाट भरलं आणि आज आमची जी काय ओळख आहे ती त्या कपाटामुळेच आहे.

मधली वर्षं चांगली गेली. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे करार) होत्या, सोसायट्यांमधली घरगुती कामं होती, भोसरीच्या दोन-तीन वर्कशॉपची मशीनं होती. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

मग २०१४ आलं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, म्हणजे नवीन सिक्युरिटी पॅच यायचे बंद झाले, एवढंच. मशीन चालू राहणार होतं, सॉफ्टवेअर चालू राहणार होतं. पण आमच्याच रस्त्यावर वर्षभरापूर्वी एक मोठं दुकान उघडलं होतं, काचेचं शोरूम, एसी, टाय लावलेली पोरं. त्यांनी काय केलं, तर आमच्या एएमसीच्या कस्टमरना एकेक करून गाठलं आणि सांगितलं की आठ तारखेनंतर तुमचा काँप्युटर चालूच होणार नाही, तुमचा तो जुना मेकॅनिक तुम्हाला अंधारात ठेवतोय. मेकॅनिक हा शब्द मला अजून बोचतो. लोक घाबरले, साहजिक आहे, पेपरातही रोज बातम्या येत होत्या. मी प्रत्येकाला फोन करून समजावलं, की बाबांनो, ज्या मशीनला नेटच नाही, जे फक्त लेबल छापतं किंवा वजनकाट्याचं रीडिंग घेतं, त्याला कसली भीती? ज्याला नेट आहे ते बदला, मीच बदलून देतो, पण आधी बघा तुमचा प्रिंटर, स्कॅनर, कार्ड नव्या विंडोजवर चालतंय का. कोण ऐकतंय. तीन महिन्यांत जवळजवळ सगळ्या एएमसी गेल्या. गाळ्याचं भाडं थकलं, हेल्परला मला स्वतःहून दुसरीकडे चिकटवून द्यावं लागलं, आणि पार्टनरनेही त्याच पावसाळ्यात नोकरी धरली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरी दोन मुलं शिकत होती. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "हे मात्र विकू नको रे."

त्या शोरूमवाल्यांनी जी कामं केली ती मी नंतर डोळ्यांनी बघितली. ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर विंडोज ७ चढवलेली, जिला कमीत कमी १ जीबी लागते. मशीन सुरू व्हायला इतका वेळ की माणूस तोवर चहा पिऊन येईल. स्कॅनरला ड्रायव्हर नाही, तर "स्कॅनर जुना झाला, नवीन घ्या". बारकोड प्रिंटरला नाही, तर तोही नवीन घ्या. याला सर्व्हिस म्हणायचं का तुम्हीच सांगा.

आमचे एक प्रेसवाले काका आहेत नारायण पेठेत, त्यांचं सांगतो. लग्नपत्रिका, अहवाल, छोटी पुस्तकं असं काम. सगळं पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी फॉन्टचं), कित्येक वर्षांच्या फायली, सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तर नुसती चिन्हं दिसतात. आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (चोरीची कॉपी चालू नये म्हणून लावायची छोटी डबी) पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटवर लावायचं. ऐन लग्नसराईत त्यांनाही शोरूमवाल्यांनी नवीन मशीन दिलं, ६४ बिट विंडोज ७, आणि जुनं एक्स्चेंजमध्ये उचलून नेलं. नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नाही! त्यांनी यूएसबी टू पॅरलल केबल दिली, पण ती केबल फक्त प्रिंटरला चालते, लॉक तिच्यातून वाचलंच जात नाही. जुने १६ बिट इन्स्टॉलर तर ६४ बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत. काका रडकुंडीला आले, परत गेले तर जुनं मशीन भंगारात गेलेलं.

तेव्हा ते माझ्याकडे आले, आणि नशीब असं की आदल्या वर्षी सर्व्हिसिंगला त्यांच्या हार्डडिस्कची घोस्ट इमेज (डिस्कची जशीच्या तशी पूर्ण कॉपी) मी काढून ठेवली होती. लॉक त्यांच्या ड्रॉवरमध्ये सुखरूप होतं. मी तापकीर गल्लीतून बोर्डावरच एलपीटी (पॅरलल पोर्ट) असलेला जुना बोर्ड मिळवला. पीसीआयचं पॅरलल कार्ड लावूनही भागलं नसतं, कारण जुनी लॉकं ३७८ याच ॲड्रेसवर शोधतात आणि कार्डाला तो मिळेलच असं नाही. इमेज चढवली, तर निळा स्क्रीन, ७बी, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. येणारच होता, डिस्कचा कंट्रोलर बदललेला. तिथं फॉरमॅट मारायचा नसतो, एक्सपीच्या सीडीवरून बूट करायचं, पहिल्या स्क्रीनवरचं आर सोडून द्यायचं कारण तो रिकव्हरी कन्सोल, एंटर, एफ८, आणि मग जुनी विंडोज दिसली की तिथं आर. रिपेअर इन्स्टॉल होतं, प्रोग्रॅम आणि फायली जागच्या जागी राहतात. मग कपाटातून त्या बोर्डाची सीडी काढली, रिव्हिजनसकट. रात्री उशिरा श्रीलिपी उघडली आणि अक्षरं दिसली तेव्हा काकांनी तिथूनच वहिनींना फोन लावला. त्यानंतर त्यांनी पेठेतल्या निम्म्या प्रेसवाल्यांना माझ्याकडे पाठवलं. दुकान वाचलं ते या माणसामुळे. आजही गणपतीत त्यांच्याकडचे मोदक येतात.

ते शोरूम पुढे दोन वर्षांत बंद झालं, आता तिथं मोबाइल कव्हरचं दुकान आहे. मला त्याचा आनंद नाही, पण ज्या कस्टमरनी माझं ऐकलं नाही त्यातल्या एकानेही नंतर फोन करून दोन शब्द बोलले नाहीत हे मनात आहेच.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्याचं पाणी आमच्या गाळ्यात शिरलं. ज्या भागात माणसं गेली तिथं आमच्या नुकसानीचं काय सांगायचं. पण कपाटाचे खालचे दोन कप्पे चिखलात होते आणि इमेज ठेवलेल्या हार्डडिस्क संपल्या. बायको आणि मुलगी दोघी बादल्या घेऊन बसल्या, सीड्या साध्या पाण्यात धुऊन, मधून बाहेरच्या दिशेने पुसून, पेपरवर वाळवल्या. कंपनीच्या छापील सीड्या बहुतेक वाचल्या. आपण राइट केलेल्या काहींचा वरचा थर निघाला, त्या गेल्या. तेव्हापासून सगळ्याच्या दोन कॉपी, एक घरी.

आता जे स्वतः घरी एक्सपी टाकतात त्यांच्यासाठी थोडं, कारण रोज तेच प्रश्न येतात. फॉरमॅटच्या आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि प्रत्येक वस्तूचा हार्डवेअर आयडी लिहून घ्या. त्या आयडीत व्हेन (VEN, कंपनीचा नंबर) नंतर ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, ११०६ व्हिया. पुढचा डेव्ह (DEV, त्या चिपचा) नंबर मिळाला की ड्रायव्हर मिळालाच समजा, बोर्डाचं नाव पुसलं गेलेलं असलं तरी. लॅनचा ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. टाकताना चिपसेटचा (बोर्डाच्या मुख्य चिपचा) पहिला, मग बाकीचे. एसपी२ (एक्सपीचा सर्व्हिस पॅक २) वर रिअलटेकचा एचडी ऑडिओ बसत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा यूएए पॅच आधी टाका, केबी८८८१११, एसपी३ मध्ये तो आधीच असतो. सेटअपला हार्डडिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआयवरून आयडीई करा, ती सोय नसेल तर एनलाइट नावाच्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीतच घाला. सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा रस्ता आहे, पण यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सगळी तिथं चालत नाहीत. कॅबिनेटवरच्या स्टिकरची की ओईएम (मशीनबरोबर आलेल्या विंडोजची) असते, ती रिटेल सीडीला लागणार नाही, सीडी त्याच जातीची हवी. आणि "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा" असली सॉफ्टवेअरं कृपा करून टाकू नका, आमच्याकडे येणाऱ्या मशीनांत निम्मा कचरा त्यांचाच असतो.

हल्ली विंडोज ७ चीही तीच गत आहे. भोसरीच्या एका शेठच्या मशीनचं सॉफ्टवेअर ७ वरच चालतं, बोर्ड जळला, नवीन घेतला इंटेलच्या सहाव्या जनरेशनचा, आणि सेटअपमध्ये माउस-कीबोर्ड दोन्ही बंद, कारण ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही आणि या बोर्डांवर जुना यूएसबी कंट्रोलर राहिलेलाच नाही. विंडोजच्या आयएसओमध्ये (इन्स्टॉलच्या फाइलमध्ये) ड्रायव्हर घालून करून दिलं, सोबत कपाटातला एक पीएस२ (जुन्या गोल पिनचा) कीबोर्ड पण दिला, त्यांच्या बोर्डाला ते सॉकेट होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि पुन्हा तेच फोन सुरू झाले, अमक्याने सांगितलंय मशीन बंद पडणार, खरं का? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) लागतं, सातव्या जनरेशनपर्यंतचे जवळपास सगळे इंटेल प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत, म्हणजे धडधाकट मशीनं लोक पुन्हा विकायला काढणार. नेटवरची मशीनं जरूर बदला किंवा त्यावर लिनक्स टाकून घ्या, आम्ही टाकून देतो. पण ज्या मशीनला एखादं जुनं कार्ड, काटा, कटर जोडलेला आहे त्याला हात लावायच्या आधी हार्डडिस्कची इमेज काढा.

घरात जुन्या मदरबोर्डच्या, प्रिंटरच्या, स्कॅनरच्या सीड्या पडल्या असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. दुकानात आणून द्या, सोमवार सोडून रोज उघडं असतं. कॉपी मारून तुमची तुम्हाला परत मिळेल, आणि मॉडेलबरोबर रिव्हिजन माहीत असेल तर तेवढं एका चिठ्ठीवर लिहून आणा.