फुलपाखरांचं प्रियाराधन टिपायचंय? मग मागे धावू नका, नराची जागा धरा

यावेळी निघतानाच ठरवलं होतं की फुलावर शांत बसलेलं फुलपाखरू काढायचं नाही, ते सगळ्यांकडे ढिगाने असतं. हवं होतं प्रियाराधन, म्हणजे नर मादीच्या मागे लागतो, तिच्याभोवती घिरट्या घालतो आणि ती हो म्हणते नाहीतर बहुतेक वेळा नाहीच म्हणते, तो सगळा प्रकार. त्यामुळे वाटही तशीच निवडली, आधी ओढ्याकाठची झाडी, मग गवताळ उतार आणि शेवटी उघडा माथा, कारण तिन्हीकडे नर वेगवेगळ्या पद्धतीने मादी शोधतात आणि तुम्ही कुठे आणि कसं थांबायचं ते त्यावरच ठरतं.

ढोबळमानाने दोन प्रकार असतात. काही नर एका जागी बसून वाट बघतात, काही सतत उडत फिरत राहतात. बसणारा नर मिळाला तर तुमचं नशीब, कारण तो उडून गेला तरी पुन्हा त्याच पानावर नाहीतर शेजारच्या पानावर येतो. ओढ्याकाठी ग्रेट एगफ्लाय फुलपाखराचा असा एक नर होता, काळे पंख, पांढरे ठिपके आणि ठिपक्यांभोवती निळी-जांभळी झाक. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जात होता, दुसरा नर असो, वेगळ्या जातीचं फुलपाखरू असो नाहीतर चतुर. अशा नराच्या मागे पळायचं नाही, तो उडाला की रिकाम्या पानावर फोकस लावून ठेवायचा आणि बसून राहायचं. निळी झाक ठरावीक कोनातूनच चमकते त्यामुळे सूर्य पाठीशी ठेवून थोडं डावीकडे-उजवीकडे सरकून बघा, दोन पावलांत काळं फुलपाखरू निळं होतं.

दोन फुलपाखरं गोल गोल फिरत वर चढताना दिसली तर लगेच प्रणय समजू नका, बऱ्याचदा ते दोन नरांचं जागेचं भांडण असतं. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात संशोधक निक डेव्हिस यांनी स्पेकल्ड वुड या फुलपाखरावर काम केलं होतं, १९७८ मध्ये ते छापून आलं. तिथे जमिनीवर पडलेला उन्हाचा तुकडा ज्याच्या ताब्यात आधीपासून असायचा तोच नर जिंकायचा आणि आगंतुक निघून जायचा. फोटोसाठी यातलं कामाचं एवढंच की झाडीत असाल तर उन्हाचे तुकडे शोधा, आणि ऊन सरकलं की तुम्हीही सरका.

खरी मजा गवताळ उतारावर आली. प्लेन टायगर फुलपाखरं हवी असतील तर फुलांपेक्षा खुळखुळ्याची आणि भुरुंडीची सुकलेली, चिरडलेली झुडपं शोधा. नर तिथे मध प्यायला येत नाहीत, त्या झाडांतली अल्कलॉइड्स नावाची रसायनं चोखायला येतात आणि त्यापासून मादीला रिझवायचा गंध तयार करतात. नराच्या पोटाच्या टोकात केसांचे दोन ब्रश आत ओढलेले असतात, प्रियाराधनाच्या वेळी ते बाहेर काढून तो गंध पसरवतो. त्यांच्याच नात्यातल्या अमेरिकेतल्या क्वीन फुलपाखराचा हा क्रम १९६५ मध्ये सविस्तर नोंदवला गेलाय, नर उडत्या मादीला वरून गाठतो, तिच्या मिशांवर ब्रश फिरवतो, ती खाली बसते, तो वर घिरट्या घालत राहतो आणि मग शेजारी उतरतो. हा क्रम डोक्यात असला की बोट शटरवर कधी दाबायचं ते कळतं, मादी बसायला लागली की दाबा, तो वर तरंगत असतो तेव्हा दोघं कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात. नर ओळखायला मागच्या पंखावर बघा, त्याला एक जास्तीचा काळा ठिपका असतो आणि त्याच्या मधोमध पांढरं असतं. मला ब्रश डोळ्यांनी काही दिसले नाहीत, घरी मोठ्या स्क्रीनवर मोजक्या फ्रेममध्ये सापडले.

सेटिंगचं म्हणाल तर उडत्या जोडीला शटर स्पीड १/२५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका, अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडून द्या, थोडा नॉइज म्हणजे दाणेदारपणा चालतो पण हललेला फोटो कशालाच चालत नाही. १०० एमएमच्या मॅक्रो लेन्सपेक्षा ३०० एमएमची लेन्स इथे बरी पडते, कारण जवळ गेलात की तो प्रणय तिथेच संपतो. कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर असेल तर ते नक्की चालू करा, शटर दाबायच्या आधीचा क्षण तेच पकडतं. फ्रेम मुद्दाम सैल ठेवा, नंतर क्रॉप करता येते, कापलेला पंख जोडता येत नाही.

आता ज्याकडे लोक दुर्लक्ष करतात ते म्हणजे नकार. कॉमन एमिग्रंटसारख्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांत आधीच मीलन झालेली मादी पानावर बसून पंख पसरते आणि पोट सरळ वर उचलते, नराला जोडी जमवायला जागाच उरत नाही. माझ्या मते मीलनाच्या फोटोपेक्षा हा फोटो शंभरपट बोलका असतो आणि मिळतोही सहज, कारण नर बराच वेळ हट्ट सोडत नाही आणि मादी जागेवरून हलत नाही. बाजूने, तिच्या उंचीला आडवं होऊन काढा, वरून काढलात तर उचललेलं पोट कळतच नाही.

माथ्यावर फार थांबलो नाही, वारा सुटला होता. पण सकाळी वारा नसताना आधी तिथे जा, बऱ्याच जातींचे नर मादीची वाट बघत उंच जागी जमतात.

जोडी जुळलेली मिळाली तर घाई नको, मीलन बराच वेळ चालतं, काही जातींत कित्येक तास. दोघं पाठमोरी असतात त्यामुळे कॅमेरा दोघांच्या पंखांना समांतर धरा, नाहीतर एकाचंच शार्प येतं. उठवू मात्र नका. प्लेन टायगरसारख्या फुलपाखरांत उठवलं की नर मादीला लटकवून घेऊन उडतो, त्या फोटोच्या मोहापायी जोडीवर खडे मारणारे लोक पाहिलेत, त्यांना तिथल्या तिथे बोला. मध्ये येणारं गवत उपटू नका, हाताने बाजूला धरा नाहीतर स्वतः सरका. आणि दुर्मिळ जात मिळाली तर फोटो टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाका, मोबाईलवर काढलेल्या फोटोत तर ते बरेचदा आपोआप नोंदलं जातं.