ओहोटीने पकडलेली बोट

'सागर कवच' सरावाच्या अहवालात आमच्या खाडीची नोंद एका ओळीची आहे. संशयित बोट दिसली, अडवली, रेड टीमचे, म्हणजे सरावातल्या खोट्या घुसखोरांचे, पाच जण ताब्यात, शेरा समाधानकारक. यात खोटं काही नाही. पण ती बोट आम्ही अडवली नव्हती, ओहोटीने अडवली होती, आणि ते लिहायला फॉर्मात जागा नाही.

२६/११ नंतर हा सराव साधारण सहा महिन्यांनी होतो. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम्स, मत्स्यव्यवसाय, बंदर खातं, सगळे उतरतात. रेड टीम साध्या कपड्यांत, मच्छीमार बोटीतून डमी स्फोटकं घेऊन किनारा गाठायला बघते, बाकीच्यांनी तिला गाठायचं. २००९ पासून एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे आहे, १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रात तटरक्षक दल, आणि किनाऱ्यालगत आम्ही सागरी पोलीस. ऐकायला तीन थर वाटतात. खाडीच्या तोंडाशी पहाटे साडेतीनला मात्र एक ठाणं, एक गस्ती नौका आणि बंधाऱ्यावर बसलेले सागर रक्षक दलाचे, म्हणजे गावच्या स्वयंसेवकांतले, दोन म्हातारे तांडेल (बोटीचे म्होरके), एवढंच असतं.

त्या रात्री कृष्ण त्रयोदशी होती. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवर चालतो: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ. तेराचे पाऊणपट पावणेदहा, म्हणजे सुकती, पाणी सगळ्यात खाली जाण्याची वेळ, त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, साडेतीनच्या सुमाराला. अमावस्या जवळ आलेली, त्यामुळे उधाणाची भरती आणि तितकीच खोल ओहोटी. आमच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे, त्यावर अशा सुकतीला गुडघाभर पाणी उरतं. रेड टीमने चंद्र उगवायच्या आधीची वेळ धरली, अंधार बरोबर हेरला. पाण्याचा विचार केला नाही.

तांडेलांना बोट दिसली ती दिव्यामुळे नाही, दिवा नसल्यामुळे. आमच्याकडच्या बोटी रात्री पाण्याची वाट बघत पट्ट्याबाहेर थांबतात तेव्हा नांगर टाकतात, दिवा लावतात आणि खलाशी झोपतात. ही बोट काळोखात इंजिन चालू ठेवून येरझाऱ्या घालत होती. डिझेलचा हिशेब ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस असं करत नाही. मग तिने तोंड खाडीकडे वळवलं आणि तांडेल म्हणाले, "हा इथला नाही. रुतणार."

रुतली.

इथवरचं सगळं अहवालात शोभण्यासारखं. पुढची बारा-पंधरा मिनिटं फोनवर गेली. तांडेलांनी जागा सांगितली ती त्यांच्या भाषेत: अमुक खडपाच्या (समुद्रातल्या खडकाच्या) दक्षिणेला, देवळाचा दिवा आणि टेकडीवरचं झाड एका रेषेत येतात तिथे. पट्टीचा दर्यावर्दी एवढ्यावर अंधारात जागा गाठेल. कंट्रोल रूममधला माणूस मात्र अक्षांश-रेखांश मागत राहिला. तो शहरातून बदलून आलेला. नकाशावर त्या खडपाला नाव नाही, आणि स्थानिक नावांसमोर आकडे लिहिलेला साधा कागद त्याच्या टेबलावर कुणी लावलेला नाही. एका दुपारचं काम आहे. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे मदतीचे नंबर गावोगाव रंगवले, पण फोन उचलणाऱ्याला गावाची भाषा द्यायची राहिली.

आता मुख्य गोष्ट. आमची गस्ती नौका जेट्टीला होती, म्हणजे खाडीच्या आत. ज्या पट्ट्याने रेड टीमला बाहेर अडवलं त्यानेच आम्हाला आत अडवलं होतं. वेगवान नौका असली तरी तिला पाणी लागतंच. गुडघाभर पाण्यात इंजिन रेटलं तर गाळणी वाळूने भरते, वाळू पाण्याच्या पंपातलं रबरी इंपेलर खाते, इंजिन तापतं, आणि पुढचे कित्येक दिवस नौका दुरुस्तीला. ती हलवली नाही हे बरोबरच झालं. मग माणसं पुळणीवरून पाण्यात उतरून चालत गेली आणि बोट ताब्यात घेतली.

तपासणी मात्र नमुनेदार झाली. आमचा हवालदार आधी कागद बघत नाही, मासळी ठेवायचा खण उघडतो. कामावरच्या बोटीच्या खणात बर्फ असतो, नाहीतर बर्फाचं पाणी आणि मासळीचा वास. इथे खण कोरडा. जाळं वर रचलेलं, पण घडीच्या आतपर्यंत सुकं. रात्री मारलेलं जाळं आतून ओलंच असतं. मग हात. रोज दोर ओढणाऱ्याच्या तळव्यावर घट्टे बोटांच्या मुळाशी आडवे असतात. ह्या पाचांचे तळवे मऊ. त्यानंतर नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना आणि केबिनवर एकच आहे का, बायोमेट्रिक कार्डं, आणि बंदरावरून निघताना घेतलेलं टोकन. टोकन दुसऱ्या बंदराचं होतं, तेही परतीची वेळ उलटून गेलेलं. तिथून आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. टोकन देणारा रक्षक नोंद वहीत करतो आणि वही तिथेच राहते.

रडार आणि एआयएसचं (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्राचं) काय, असं लोक विचारतात. एआयएसची सक्ती मासेमारी बोटींत २० मीटरच्या वरच्यांना. आमच्याकडच्या बहुतेक बोटी त्याखालच्या. रडारवर लाकडी किंवा फायबरची बोट आधीच फिकी दिसते, लाटा असल्या तर त्यांच्या ठिपक्यांत हरवते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर तीन एके-४७ असलेली बोट लागली ती १६ मीटरचीच होती. इंजिन बंद पडल्यावर माणसांनी सोडून दिलेली, ओमानच्या बाजूने वाहत आलेली. छोट्या बोटींसाठी एक लाख ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारी यंत्रं, देण्याची केंद्राची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच सुरू झाली. ती हवीच होती. पण ट्रान्सपाँडर प्रामाणिक बोट दाखवतो. बंद केलेला ट्रान्सपाँडर हुडकायला माणूसच लागतो.

सात-आठ दिवस आधी, कृष्ण षष्ठीला, भरती पहाटे साडेचारला होती. भांगाची, म्हणजे उधाणापेक्षा कमी पाण्याची, असली तरी मच्छीमार बोटीला पुरेशी. चंद्र होता, पण ढग असते तर? चारच्या सुमारास तीच बोट सरळ आत आली असती. आणि २००८ चे दहा जण तर 'कुबेर' ही बळकावलेली मच्छीमार बोट समुद्रातच सोडून रबरी होडीतून कुलाब्याला उतरले. तसल्या होडीला वितभर पाणी पुरतं, ती वाळूच्या पट्ट्याला जुमानत नाही. त्या रात्री रेड टीमकडे एक रबरी होडी असती तर आमची नौका खाडीत आणि ते पुळणीवर, असा निकाल लागला असता.

सरावाच्या तारखा सोयीच्या कॅलेंडरवरून ठरतात. आलटून पालटून एक सराव उधाणाच्या सुकतीला आणि एक पहाटेच्या भरतीला ठेवा, आणि प्रत्येक नोंदीसमोर भरती-ओहोटीची वेळ लिहा, एवढं आम्ही कळवलं आहे. दुसरी मागणी नौकेची: सुकती रात्री पडणार असेल तेव्हा ती संध्याकाळीच पट्ट्याबाहेर नांगरावर ठेवायची, पाळी लावून. त्याला दोन माणसं जास्त लागतात, डिझेल लागतं, आणि हे ऑक्टोबर ते मे एवढंच जमतं. पावसाळ्यात बाहेर नांगर धरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा यांत्रिक बोट दिसली की ती आपसूक संशयित ठरते, ते सोपं जातं. ऑगस्ट-सप्टेंबरला मात्र बोटीही बाहेर असतात आणि दर्याही खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांसाठी आमच्याकडे अजून तोडगा नाही.