तुम्ही विचारलंत म्हणून: 'निवृत्त' की 'सेवानिवृत्त'?

निरोप समारंभाचं मानपत्र लिहायचं असलं की ओळखीतले लोक मसुदा माझ्याकडे पाठवतात आणि हमखास विचारतात, "निवृत्त लिहू की सेवानिवृत्त? एकच ना?" मी सांगतो, सेवानिवृत्त लिहा.

निवृत्त या शब्दात 'वृत्' हा संस्कृत धातू आहे. वृत् म्हणजे फिरणं, वागणं, असणं. त्याला 'नि' लागला की अर्थ होतो माघारी फिरणं, थांबणं. हा शब्द 'पासून' मागतो. कशापासून निवृत्त? जुन्या वापरात उत्तर फार मोठं असे: विषयांपासून, संसारापासून. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी तिथली. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ, त्यांच्या नावाला नोकरीचा वाराही लागलेला नाही. म्हणून कामावरून मोकळ्या झालेल्या माणसाला नुसतं निवृत्त म्हणताना माझा हात अडखळतो. त्याने सोडली आहे ती फक्त सेवा. ती दोन अक्षरं ठेवा.

एकदा मसुद्यात होतं, 'आपण निवृत्त होत आहात, आता विश्रांती घ्यावी.' ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं, त्या बाईंनी कागद वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी थकले नाही हो," एवढंच म्हणाल्या. ती ओळ आम्ही काढली. (त्याच कागदावर 'निवृती' असंही छापलं होतं. जोडाक्षरातला एक त हमखास गळतो, तेवढा बघत जा.)

बोलताना मात्र आपण सर्रास 'रिटायर झाले' म्हणतो, त्याला माझी हरकत नाही. त्याचं मूळ फ्रेंचमध्ये, मागे ओढून घेणं या अर्थाचं. क्रिकेटमध्ये तर रिटायर्ड हर्ट झालेला फलंदाज बरं वाटलं की पुन्हा खेळायला येतो. स्पॅनिशमध्ये सेवानिवृत्तीला 'हुबिलासिओन' म्हणतात; त्या शब्दाचं नातं थेट आनंदाने ओरडण्याशी आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

यातला एकही शब्द घर चालवणाऱ्या बाईसाठी वापरलेला मी ऐकला नाही. तिच्याबद्दल म्हणतात, "आता तिच्याने होत नाही." माझ्या आईने स्वयंपाक सोडला, तो कुठल्या वर्षी हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही.