आपल्याकडे किल्ले काय कमी आहेत?

अल्बानियातल्या बेरातचे फोटो दाखवले की हा प्रश्न हमखास येतो. सह्याद्रीत एवढे गडकोट असताना किल्ला बघायला इतक्या लांब कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

बेरातच्या किल्ल्यात अजून माणसं नांदतात, त्यासाठी गेले. गावातून वर जायचा चढ चांगलाच दम काढतो. पायांनी घासून घासून दगड असे गुळगुळीत झालेत, की उतरताना भिंत धरावी लागते. दरवाज्यातून आत शिरलं की द्राक्षाचे मांडव, दोरीवर वाळणारे कपडे, कुठल्याशा घरातून परतलेल्या कांद्याचा वास. बायका दारासमोरच्या भिंतीवर क्रोशाचे पांढरे टेबलक्लॉथ विकायला टांगतात. या वस्तीला तिथे ‘कला’ म्हणतात. आपला ‘किल्ला’ आणि त्यांची ‘कला’ मुळात एकाच अरबी शब्दाची लेकरं. ती तिकडे तुर्कांबरोबर गेली, इकडे फारसीतून आली.

इ.स.पू. 200 मध्ये रोमनांनी हे शहर घेतलं, तेव्हा त्याचं नाव अँटिपात्रेआ होतं. पुढे स्लाव्ह लोकांनी त्याला बेलिग्राद, म्हणजे पांढरं शहर म्हटलं, बेरात त्यावरूनच. 1417 मध्ये ते ऑटोमन तुर्कांकडे गेलं. अल्बानियाचा लाडका वीर स्कॅन्डरबेग 1455 मध्ये वेढा घालून बसला, पण त्यालाही किल्ला मिळाला नाही.

खाली ओसुम नदीच्या एका काठावर मांगालेम ही मुसलमानांची जुनी वस्ती, पलीकडे ख्रिस्ती गोरित्सा. मांगालेमची घरं उतारावर एकावर एक चढलेली, नुसत्या खिडक्याच खिडक्या. 2008 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, तेव्हापासून पर्यटक वाढले.

मी मात्र सगळ्यात जास्त रेंगाळले ती किल्ल्यातल्या सेंट मेरीच्या चर्चमध्ये. तिथे आता ओनुफ्री या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या नावाचं संग्रहालय आहे. त्याचा लाल रंग एकदा पाहिला की डोळ्यांतून जात नाही. बेरातचीच आणखी एक ठेव म्हणजे सहाव्या शतकातलं बायबलचं हस्तलिखित, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांत लिहिलेलं. दुसऱ्या महायुद्धात ते लपवलं गेलं आणि 1968 मध्ये परत सापडलं. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने देशभर धर्मावर बंदी आणली होती, तरीही ते टिकलं. आज ते राजधानी तिरानात आहे.

बाहेर एका आजींकडून छोटा रुमाल घेतला. सुटलेला धागा त्यांनी दातांनी तोडून दिला. तुमच्याकडे कला आहे का, असं त्यांनी नातीमार्फत विचारलं. पुष्कळ आहेत, म्हटलं. मग कोण राहतं तिथे? पन्हाळ्यावर अख्खं गाव आहे, हे मी अभिमानाने सांगितलं आणि फोनमधला रायगडाच्या बाजारपेठेचा फोटो पुढे केला. दोन्ही बाजूंची जोती, मधला रुंद रस्ता. आजींनी चष्मा वर सरकवून तो बराच वेळ पाहिला. मग नातीला काहीतरी म्हणाल्या.

‘‘आजी विचारतेय, या घरांची छपरं कुठे गेली?’’