बोट दाखवलं, पण मामांना

सगळे झोपलेत. मला झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

आज माझ्या अवीनं पहिल्यांदाच बोट दाखवलं. त्याला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. आजवर त्याला काही हवं असलं की तो माझं मनगट धरतो आणि माझाच हात फ्रीजकडे, नळाकडे, पंख्याच्या बटणाकडे नेतो. आज सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या मागांच्या कारखान्यात, नेहमीसारखे दारात उभे होतो. (घरी कुकरची शिट्टी झाली की कान दाबून धरणारा हा मुलगा तिथल्या खडखडाटात शांत उभा राहतो, हे मला अजून कळलेलं नाही.) टॉवेलच्या मागावर एक उभा धागा तुटला. एवढ्या शेकडो धाग्यांत तो माग चालवणाऱ्या मामांनाही (नात्यातले नव्हेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात) दिसला नव्हता. अवीनं हात सरळ पुढे केला, तर्जनी काढली आणि तशीच धरून ठेवली. मामांनी माग थांबवला, वाकून तुटलेलं टोक शोधलं, गाठ मारली आणि माग परत चालू केला. "भले रे नान्ना," एवढंच म्हणाले.

घरी आनंदीआनंद. आक्कांनी देवापुढे साखर ठेवली. हे फोनवर सगळ्यांना सांगत सुटले. मी मात्र भाकरी थापताना रडले. पहिलं बोट, आणि ते मला नाही.

बोट दोन तऱ्हांनी दाखवतात. एक मागण्यासाठी, म्हणजे ते दे, हे कर. दुसरं नुसतं दाखवण्यासाठी: बघ की, चांदोबा! साधारण वर्षाच्या आसपास मुलं हे दुसरं करू लागतात. करता करता मान वळवून आईकडे बघूनही घेतात, तिनं बघितलं का म्हणून. ऑटिझम असलेल्या मुलांत हे दुसरंच उशिरा येतं किंवा फार कमी दिसतं. मग आजचं कुठलं? धागा जोडा, एवढंच होतं, की मामा, हे बघा, असं होतं? त्यानं मामांच्या तोंडाकडे बघितलं असेल तर दुसरं. मी मागे उभी होते. मला फक्त त्याच्या डोक्यावरचे दोन भोवरे दिसले. मान हलली की नाही, हे आठवून आठवून डोकं दुखायला लागलंय.

मी काय कमी दाखवलं का त्याला? साबणाचे फुगे, टॉर्च, कंबर तलावावरचे पक्षी. गड्ड्याच्या जत्रेत, दारूकामाला होम मैदानावर सगळं गाव आभाळाकडे तोंड करून उभं होतं, मी त्याला खांद्यावर घेऊन "ते बघ, ते बघ" म्हणत होते, आणि हा पाळण्याच्या वायरीकडे बघत होता. खांदे दुखले त्याचं काही नाही. पण ते मामा कोण लागतात त्याचे?

असं लिहिलं की बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं.

ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या डिना मरे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं होतं की या मुलांचं लक्ष कमी नसतं. ते थोड्याच गोष्टींत, पण फार खोल जातं, आणि तिथं असताना बाहेरचं काही आत शिरत नाही. डेमियन मिल्टन हे संशोधक तर स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ मध्ये लिहिलं की न समजणं दोन्हीकडून असतं, एकट्या ऑटिस्टिक माणसांकडूनच नाही. मामा अवीला कधी "इकडे बघ" म्हणत नाहीत. त्यांची नजर मागावर, याचीही मागावर. दोघं आधीपासून एकाच ठिकाणी होते, बोट नुसतं मध्ये आलं.

आणि समजा, मागणंच होतं. तरी मामांना तो धागा दिसलेला नाही, हे अवीला कळलं असेल ना? १९८५ च्या लंडनच्या एका बाहुल्यांच्या प्रयोगात हेच तर तपासलं होतं. सॅली ही बाहुली बाहेर गेल्यावर तिची गोटी ॲन ही दुसरी बाहुली दुसरीकडे ठेवते. परत आल्यावर सॅली कुठं शोधेल? ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी गोटी खरोखर होती तीच जागा दाखवली. सॅलीला हे ठाऊक नाही, हे त्यांच्या उत्तरात आलं नाही. अवी बोलत नाही, त्याला असलं कोण विचारणार? पण दुसऱ्याला न दिसलेलं त्यानं आज दुसऱ्याला दाखवलं. की कापडात पडणारी ती रेघ त्याला नको होती, बस? असेलही.

मला दाखवावं ही इच्छा काही जात नाही. जाऊही नये, आई आहे मी. पण मामांना दाखवलं तेही माझ्याच पोरानं दाखवलं, हे रडून झाल्यावर कळतंय.

आडवा धागा नेणारा मागाचा धोटा उडतो कधीकधी, म्हणून आत यायचं नाही, हा मामांचा नियम. उद्या विचारते, पलीकडच्या खिडकीबाहेर थांबू का म्हणून. यांना घेऊन जाईन, ते अवीजवळ थांबतील. खिडकीतून त्याचं तोंड दिसतं. मामा नको म्हणाले, तर मागेच उभी राहीन.